वनस्पतींमधले फ्लॅवोनॉइड आणि हृदयाला जपणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांमध्ये मधुमेहाच्या गोळ्या आणि काढ्याच्या पुड्या बहुतेक वेळा एकाच फडताळात ठेवलेल्या असतात. मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे हळदीकुंकवापासून आरोग्य शिबिरापर्यंत कुठेही गेले की हे दोन विषय एकत्रच समोर येतात. ते एकत्र यावेत याला एक खरं कारणही आहे. आज हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांची एक संपूर्ण जात, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिनसारखी ‘ग्लिफ्लोझिन’ औषधं, एका झाडाच्या सालीतून सुरू झालेल्या संशोधनातून आली. पण साल आणि गोळी यांच्यामध्ये जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचं काम आहे आणि ते न समजल्यामुळे लोक गोळी सोडून सालीकडे जातात. खालची उत्तरं त्यासाठी लिहिली आहेत. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला यापेक्षा नेहमीच वरचा, कारण तुमचे रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत.

फ्लॅवोनॉइड म्हणजे नेमकं काय?

वनस्पती स्वतःच्या गरजेसाठी बनवतात अशा हजारो संयुगांचं हे एक कुटुंब आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचाव करायचा, बुरशी आणि किडीला रोखायचं, फुलाफळांना रंग द्यायचा, मुळांपाशी राहणाऱ्या जिवाणूंना बोलवायचं, अशी कामं ती करतात. रेणूची मूळ घडण सोपी आहे: दोन बाजूंना सहा-सहा कार्बनची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा दुवा. या सांगाड्यावर कुठे काय जोडलं आहे त्यावरून उपप्रकार ठरतात. कांद्यात क्वर्सेटिन असतं, संत्र्या-मोसंब्यात हेस्पेरिडिन, चहात कॅटेचिन, जांभळाच्या जांभळेपणात अँथोसायनिन, सोयाबीनमध्ये जेनिस्टीन.

१९३६ मध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबूवर्गीय फळांतल्या फ्लॅवोनॉइडना ‘व्हिटॅमिन पी’ असं नाव सुचवलं होतं, कारण त्यांना ती केशवाहिन्यांची गळती कमी करताना दिसली. पुढे ते नाव मागे पडलं. ही संयुगं न मिळाल्यामुळे होणारा कुठलाच आजार सापडला नाही, आणि त्याशिवाय कशालाही जीवनसत्त्व म्हणता येत नाही.

मधुमेहाच्या गोळीचा आणि झाडाच्या सालीचा संबंध काय?

१८३५ मध्ये दे कोनिंक आणि स्टास या बेल्जियमच्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा केला. त्याचं नाव फ्लोरिझिन, आणि तोही फ्लॅवोनॉइडच्याच कुटुंबातला. सिंकोनाच्या कडू सालीतून क्विनाइन मिळालं होतं, त्यामुळे हाही कडू पदार्थ तापावर चालेल अशी त्या काळी आशा होती. ती फळाला आली नाही.

मग १८८६ च्या सुमारास जर्मनीत योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्यांना फ्लोरिझिन दिलं आणि कुत्र्यांच्या लघवीतून साखर जाऊ लागली. या माणसाचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये मिंकोव्स्की यांच्याबरोबर कुत्र्याचं स्वादुपिंड काढून दाखवलं की त्यानंतर मधुमेह होतो. म्हणजे मधुमेह कुठून येतो याचा धागा आणि पुढे शंभर वर्षांनी त्यावर येणाऱ्या एका औषधाचा धागा, दोन्ही थोड्याच वर्षांच्या अंतराने एकाच संशोधकाच्या हातात होते. त्यांना त्यातला दुसरा धागा औषधाचा आहे हे कळणं शक्यच नव्हतं. बराच काळ फ्लोरिझिनकडे लघवीतून साखर घालवणारं एक विष म्हणूनच पाहिलं गेलं आणि मूत्रपिंडाच्या अभ्यासात एक साधन म्हणून ते वापरात राहिलं.

कलाटणी मिळाली १९८७ मध्ये. रोसेटी, डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांना फ्लोरिझिन टोचलं. साखर लघवीवाटे निघून गेली, रक्तातली पातळी खाली आली आणि त्याबरोबर शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारला. रक्तातली जास्तीची साखर स्वतःच शरीराला आणखी बिघडवत असते, हे त्यातून स्पष्ट झालं. लघवीतून साखर जाणं हे इतकी वर्षं रोगाचं लक्षण मानलं जात होतं. आता तोच उपचाराचा मार्ग होऊ शकेल असं दिसायला लागलं.

मग साल उकळून का प्यायची नाही?

तीन अडचणी आहेत आणि तिन्ही रसायनशास्त्राच्या आहेत.

फ्लोरिझिनच्या रेणूत साखरेचा एक तुकडा ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेला असतो. आपल्या लहान आतड्यात दूध पचवणारं जे लॅक्टेज विकर आहे, तेच हा पूल तोडतं. तोंडाने घेतलेल्या फ्लोरिझिनचा मोठा भाग रक्तात पोचण्याआधीच संपतो, म्हणून उंदरांना ते टोचावं लागलं. दुसरी अडचण अशी की ते मूत्रपिंडात साखर परत उचलणाऱ्या एसजीएलटी२ या वाहक प्रथिनाबरोबर आतड्यातल्या एसजीएलटी१ लाही अडवतं. मग न शोषलेली साखर आतड्यात राहते आणि जुलाब होतात. आणि पूल तुटल्यावर मागे उरणारं फ्लोरेटिन शरीरातल्या इतर पेशींमधल्या साखरेच्या वाहकांमध्येही अडथळा आणतं.

रसायनशास्त्रज्ञांनी पुढची वीस वर्षं या तीन अडचणींवर घालवली. जपानमध्ये तानाबे कंपनीने आतड्यातून सुखरूप जाईल असं एक रूप १९९० च्या दशकात तयार केलं, पण ते औषध म्हणून बाजारात आलं नाही. खरी उकल झाली ती ऑक्सिजनचा पूल काढून साखर थेट कार्बनला जोडल्यावर. हा बंध आतड्यातलं विकर तोडू शकत नाही. त्याबरोबर रेणूचा उरलेला भागही असा बदलला गेला की तो एसजीएलटी२ वरच नेमका बसावा. त्यातून डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आली. युरोपात डापाग्लिफ्लोझिनला २०१२ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत कॅनाग्लिफ्लोझिनला २०१३ मध्ये.

या गोळीत आता फ्लॅवोनॉइडचा सांगाडाही शिल्लक नाही. सालीने जागा दाखवली. औषध प्रयोगशाळेत घडलं.

सफरचंद सालीसकट खाल्लं तर?

जरूर खा. सालीत क्वर्सेटिन आणि चोथा असतो. फळात फ्लोरिझिन मात्र फारच थोडं, मिलिग्रॅमांत मोजण्याइतकं असतं. मुळाच्या सालीत आणि पानांत ते कितीतरी जास्त असतं. फळ खाऊन लघवीतून साखर जाणार नाही.

ही गोळी मूत्रपिंडात नेमकं काय करते?

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्याबरोबर निरोगी माणसाची सुमारे १८० ग्रॅम साखर गाळणीतून पलीकडे जाते. शरीर ती वाया घालवत नाही. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातलं एसजीएलटी२ त्यातली जवळजवळ नव्वद टक्के साखर परत उचलतं, राहिलेली पुढच्या भागातलं एसजीएलटी१ उचलतं. गोळी पहिल्याला अडवते. मधुमेही माणसाची मूत्रपिंडं ठीक असतील तर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून जाते, म्हणजे अडीचशे-तीनशे कॅलरी. वजन दोन-तीन किलोंनी कमी होतं ते यामुळे. दुसरा वाहक चालू असतो आणि इन्शुलिन वाढवण्याशी या गोळीचा संबंध नसतो, म्हणून एकट्या या गोळीने शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याची शक्यता कमी असते. मात्र सोबत ग्लिमेपिराइड ही इन्शुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर ती शक्यता वाढते, आणि डॉक्टर त्यांचा डोस बहुधा कमी करतात.

जन्मतःच ज्यांच्या एसजीएलटी२ च्या जनुकात दोष असतो अशी काही माणसं असतात. त्यांच्या लघवीतून आयुष्यभर साखर जाते आणि बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. या औषधाच्या सुरक्षिततेबद्दल संशोधकांना सुरुवातीला धीर मिळाला तो या माणसांकडे पाहून.

शुगरची गोळी हृदयाला कशी जपते?

हे आधी कुणाला अपेक्षितही नव्हतं, म्हणून इतिहास सांगते.

२००७ मध्ये रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण वाढतं की काय, असा गंभीर प्रश्न उभा राहिला. भारतात २०१० मध्ये त्यावर बंदी आली. त्याआधीच, २००८ मध्ये, अमेरिकेच्या औषध नियामकांनी नियम केला की मधुमेहाचं कुठलंही नवं औषध हृदयाला अपाय करत नाही हे मोठ्या चाचणीत दाखवावं लागेल. एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी त्या नियमापोटी झाली. आधीपासून हृदयविकार किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या ७,०२० मधुमेही रुग्णांपैकी दोन-तृतीयांश जणांना खरी गोळी आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली ‘पोकळ’ गोळी देण्यात आली. २०१५ मध्ये निकाल आला. अपाय नाही हे दाखवायला निघालेल्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदय शरीराची गरज भागवायला कमी पडल्यामुळे, दवाखान्यात दाखल होणं ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

टक्क्यांनी हुरळून जाऊ नये म्हणून दुसरा आकडाही सांगते, कारण जाहिरातीत तो सहसा नसतो. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण पोकळ गोळीच्या गटात ५.९ टक्के होतं, खऱ्या गोळीच्या गटात ३.७ टक्के. म्हणजे सुमारे तीन वर्षांत शंभरामागे दोन माणसं अधिक वाचली. मला हा आकडा पहिल्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, आणि तरीही तो मोठाच आहे.

हे कसं घडतं? दोन्ही गटांतल्या शुगरमधला फरक अगदी थोडा होता आणि फायदा काही महिन्यांतच दिसू लागला, त्यामुळे केवळ शुगर कमी झाल्याने हृदय वाचलं असं म्हणता येत नाही. गोळी साखरेबरोबर सोडियमही बाहेर काढते. शरीरात साचलेलं पाणी कमी होतं, रक्तदाब थोडा उतरतो, हृदयावरचा भार हलका होतो. नलिकेत पुढे जास्त सोडियम पोचल्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीत शिरणारी वाहिनी थोडी आकसते आणि गाळणीवरचा दाब उतरतो. मूत्रपिंड टिकतं ते मुख्यतः यामुळे. यकृत थोडे जास्त कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) बनवतं आणि थकलेलं हृदय ते इंधन म्हणून वापरू शकतं. हृदयाच्या पेशीतल्या सोडियमवर गोळीचा थेट परिणाम होतो असंही काही प्रयोगशाळांनी मांडलं आहे, त्यावर अजून वाद चालू आहे.

मला मधुमेह नाही, तरी डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली. चूक झाली का?

चूक नाही. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनची चाचणी ४,७४४ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर झाली, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. हार्ट फेल्युअर बळावणं किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे २१.२ टक्क्यांवरून १६.३ टक्क्यांवर आलं, आणि मधुमेह असो-नसो, फायदा जवळपास सारखाच होता. २०२० मध्ये किडनीच्या जुनाट आजारातही तसंच दिसलं. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने आणखी एक अवघड गट गाठला: ज्यांचं हृदय पंप नीट करतं पण सैल पडत नाही, असे रुग्ण. त्यांच्यासाठी तोवर फारसं औषधच नव्हतं.

मूत्रपिंडाची क्षमता कमी असेल तर या गोळीने शुगर फारशी उतरत नाही, कारण गाळली जाणारी साखरच कमी असते. हृदयाला आणि किडनीला होणारा फायदा मात्र टिकतो. ‘गोळीने शुगर हलत नाही, मग बंद करते’ असं म्हणणाऱ्यांनी ही एक गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये.

मधुमेहाची प्रत्येक गोळी हृदयाला जपते का?

नाही. पायोग्लिटाझोन शरीरात पाणी धरून ठेवतं, म्हणून हार्ट फेल्युअर असलेल्यांना देत नाहीत. सॅक्साग्लिप्टिनच्या २०१३ च्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं वाढलेलं दिसलं. मेटफॉर्मिन जुनं, स्वस्त आणि विश्वासाचं आहे. त्याचंही मूळ गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीत आहे, पण त्यातलं संयुग फ्लॅवोनॉइड नव्हे.

हृदयासाठी सिद्ध झालेली दुसरी जात म्हणजे जीएलपी-१ वर्गाची औषधं, बहुतेक इंजेक्शनच्या स्वरूपात. लिराग्लुटाइडच्या २०१६ च्या चाचणीत ९,३४० रुग्ण होते आणि झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू मिळून १३ टक्क्यांनी कमी झाले. या वर्गातल्या पहिल्या औषधाचा मूळ रेणू अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता. निसर्गातून औषध येतं ते फक्त झाडपाल्यातूनच, असं नाही.

मग जेवणातले फ्लॅवोनॉइड हृदयासाठी निरुपयोगी आहेत का?

असं मी मुळीच म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या झुटफेन गावात ८०५ वयस्क पुरुषांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. चहा, कांदा आणि सफरचंद यांतून जास्त फ्लॅवोनॉइड घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. पण भाजी-फळं नेमाने खाणारा माणूस चालतोही जास्त, बिडी-सिगारेटही कमी ओढतो. त्यातलं श्रेय कांद्याला किती आणि बाकीच्याला किती, हे अशा अभ्यासातून वेगळं काढणं कठीण असतं.

म्हणून चाचणी हवी. अमेरिकेत २१,४४२ लोकांवर कोकोच्या अर्काची चाचणी झाली. अर्कातून रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅवनॉल, म्हणजे फ्लॅवोनॉइडचाच एक उपप्रकार. २०२२ चा निकाल असा: हृदयविकाराच्या एकूण घटना दहा टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तो फरक योगायोगानेही येऊ शकतो इतका सैल होता. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता. आशा धरावी असा निकाल आहे, औषध म्हणून लिहून द्यावं असा नाही. आणि तो अर्काच्या कॅप्सूलचा आहे, चॉकलेटच्या वडीचा नव्हे.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द पाकिटावर वाचून बरेच जण भुलतात. खाल्लेल्या फ्लॅवोनॉइडचा थोडाच भाग रक्तात पोचतो. आतडं आणि यकृत त्याला लगेच दुसरे तुकडे जोडून बाहेर काढायच्या तयारीला लागतात, आणि उरलेल्याचं मोठ्या आतड्यातले जिवाणू साध्या आम्लांत रूपांतर करतात. रक्तात आधीपासून असलेल्या यूरिक आम्लाच्या तुलनेत त्याचं प्रमाण नगण्य असतं. फायदा होत असलाच तर तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाढून वाहिन्या सैल होण्यातून, किंवा त्या जिवाणूंनी बनवलेल्या पदार्थांतून होत असावा, असं आता मानलं जातं.

सेव-उसळीवरचा कच्चा कांदा चांगलाच. तर्रीवर तरंगणारं तेल आणि शेवेतलं मीठ तो पुसून टाकत नाही, एवढं लक्षात असू द्या.

विजयसारच्या लाकडी पेल्यातलं पाणी पिऊ का?

प्रदर्शनांमध्ये आणि जत्रांमध्ये हे पेले हटकून दिसतात. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी ते तपकिरी होतं. विजयसार म्हणजे आपला बिबळा, आणि याला उडवून लावावं असं मला वाटत नाही, कारण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची वेगवेगळ्या केंद्रांवर चाचणी घेतली होती. १९९८ च्या अहवालात ९७ नव्या मधुमेही रुग्णांपैकी ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. उणीव ही की तुलनेला दुसरा गटच नव्हता. नव्याने निदान झालेला माणूस जेवण सांभाळायला लागतो, आणि नुसत्या तेवढ्यानेही अनेकांची शुगर खाली येते.

बिबळ्याच्या सालीतून मिळालेल्या एपिकॅटेचिन या फ्लॅवोनॉइडने उंदरांच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी पुन्हा वाढतात, असं भारतीय संशोधकांनी १९८१ मध्ये एका नामवंत ब्रिटिश नियतकालिकात मांडलं होतं. खरं ठरलं असतं तर जग बदललं असतं. नंतर इतर प्रयोगशाळांना तो परिणाम पुन्हा मिळाला नाही.

पेल्याचा आणखी एक प्रश्न मात्रेचा. पहिल्या आठवड्यात लाकडातून जे उतरतं ते तिसऱ्या महिन्यात उतरत नाही. बडोद्याला हा प्रश्न जुना आहे. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी इथे अ‍ॅलेम्बिक या औषध कंपनीची सुरुवात केली तेव्हा टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क, हे त्यांच्या पहिल्या उत्पादनांपैकी एक होतं, आणि प्रत्येक बाटलीत सारखंच औषध उतरवणं ही टिंक्चर बनवणाऱ्याची खरी कसोटी असते. पेल्यातलं पाणी तुम्ही प्यायलात तर आकाश कोसळणार नाही. त्याच्या भरवशावर गोळी सोडलीत तर मात्र नुकसान होईल.

कारलं, मेथी, हळद यांतही फ्लॅवोनॉइडच काम करतात ना?

मुख्यतः नाही. मेथीचा उपयोग तिच्या चिकट चोथ्यामुळे, हळदीतलं कर्क्युमिन वेगळ्या कुटुंबातलं, कारल्यात इतरच संयुगं चर्चेत आहेत.

चकोतरा आणि औषधं एकत्र चालत नाहीत असं ऐकलं. पपनसाचं काय?

बरोबर ऐकलंत. चकोतऱ्याच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधाची रक्तातली पातळी कितीतरी वाढते, हे कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाला १९८९ च्या सुमारास योगायोगाने कळलं. पहिला संशय फळातल्या नॅरिंजिन या फ्लॅवोनॉइडवर गेला. पुढे कळलं की मुख्य कारण फुरानोकुमारिन नावाची दुसरीच संयुगं आहेत. ती आतड्याच्या अस्तरातलं औषध मोडणारं विकर निकामी करतात, आणि नवं विकर तयार होईपर्यंत, म्हणजे एक ते तीन दिवस, परिणाम राहतो. त्यामुळे ‘सकाळी फळ, रात्री गोळी’ अशी वाटणी करून भागत नाही.

पपनसातही ही संयुगं असतात. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन, किंवा रक्तदाबाचं निफेडिपिन चालू असेल तर पपनस रोज खाऊ नका. गणपतीच्या नैवेद्यातल्या दोन फोडींसाठी जीव टांगणीला लावायचं कारण नाही. संत्री-मोसंबी याबाबतीत निर्धोक. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन शरीर वेगळ्या विकरांनी मोडतं, त्यामुळे चकोतऱ्याची त्यांना फारशी बाधा नाही.

ग्रीन टीचं उलट आहे: रक्तदाबाच्या नॅडोलॉल या औषधाचं शोषणच तो मोठ्या प्रमाणात कमी करतो, असं २०१४ च्या जपानी अभ्यासात दिसलं. औषधं साध्या पाण्याबरोबर घ्यावीत, हा सल्ला यासाठीच.

नवरात्रात नऊ दिवस उपवास आणि रात्री गरबा. गोळी चालू ठेवू का?

या पानावरचा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

गोळी साखर बाहेर काढते. पोटात पिष्टमय काहीच जात नसेल तर शरीर चरबी जाळू लागतं आणि कीटोन वाढतात. एका मर्यादेपलीकडे रक्त आम्लधर्मी होतं. नेहमीच्या मधुमेहात हे होतं तेव्हा शुगर तीनशे-चारशेवर असते आणि घरचे घाबरून दवाखान्यात धावतात. या गोळीवर असताना शुगर दोनशेच्याही खाली असू शकते. ग्लुकोमीटर पाहून सगळे निश्चिंत राहतात आणि माणूस आतून खचत जातो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, कमालीचा थकवा ही लक्षणं दिसली तर शुगर कितीही असो, गोळी थांबवा, तडक दवाखान्यात जा, ‘मी ग्लिफ्लोझिन घेते’ असं स्वतःहून सांगा आणि रक्तातले कीटोन तपासायला सांगा. लघवीच्या पट्टीपेक्षा रक्ताची तपासणी जास्त भरवशाची.

उपवासा-उपवासात फरक आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि राजगिऱ्याचा शिरा खाऊन होणाऱ्या चतुर्थीला कीटोनची भीती कमी आणि शुगर चढण्याची जास्त. निर्जळी किंवा फक्त लिंबूपाण्यावरचे नऊ दिवस ही वेगळी गोष्ट आहे; तसा उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना भेटून गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची का आणि इन्शुलिन असेल तर ते किती ठेवायचं, हे ठरवा. इन्शुलिन मनाने बंद करणं फार धोक्याचं आहे.

गरब्याचा घाम हा दुसरा मुद्दा. ही गोळी आणि जोडीला लघवीची दुसरी गोळी चालू असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही झपाट्याने जातात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बडोद्याच्या मे महिन्यात, आणि जुलाब-उलट्या लागल्या तरी, हेच लागू. खाणं-पिणं सुटलेल्या दिवशी ही गोळी घ्यायची नाही, हा साधारण नियम घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. टाइप १ मधुमेहात तर तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय तिला हातही लावू नये.

लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर चार प्लस आली!

येणारच. गोळी काम करते आहे. या गोळीवर असताना लघवीतल्या साखरेवरून मधुमेहाचा अंदाज बांधायचा नाही.

खाज आणि लालीचा त्रास सुरू झाला. सांगायला संकोच वाटतो.

हा या गोळीचा सगळ्यात जास्त आढळणारा दुष्परिणाम आहे आणि आपल्या बायका तो महिनोन्‌महिने अंगावर काढतात. लघवीतली साखर बुरशीला पोषक ठरते. लघवीनंतर पाण्याने धुणं, कोरडं ठेवणं, सुती कपडे यांनी बराच त्रास टळतो. झाला तर साध्या बुरशीनाशक मलमाने किंवा गोळीने बहुतेकींचा बरा होतो, औषध सोडावं लागत नाही. पुरुषांनाही होतो. त्या भागात तीव्र वेदना, सूज आणि ताप एकत्र आले तर ते क्वचित घडणारं पण जिवावरचं इन्फेक्शन असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं. किडनी खराब होतेय का?

पहिल्या काही आठवड्यांत थोडी वाढ अपेक्षित आहे. गाळणीवरचा दाब उतरतो म्हणून हे दिसतं, आणि पुढच्या वर्षांत हीच किडनी जास्त टिकते. वाढ मोठी असेल तर डॉक्टर शरीरात पाणी कमी पडलंय का ते आधी पाहतील.

या गोळ्या फार महाग असतात ना?

होत्या. डापाग्लिफ्लोझिनचं मुख्य पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं ११ मार्च २०२५ ला. दोन्ही वेळा अनेक भारतीय कंपन्या उतरल्या आणि दर धडाधड खाली आले. जुन्या महाग ब्रँडवर असाल तर जेनेरिकबद्दल डॉक्टरांना विचारा. क्वर्सेटिनच्या आयात केलेल्या डब्यावर महिन्याला पैसे घालवणारी आणि ही गोळी परवडत नाही म्हणून दिवसाआड घेणारी माणसं मला भेटतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

ऑपरेशन ठरलं आहे. काही सांगायचं का?

हो, आणि ते तुम्हीच सांगायचं. भूलतज्ज्ञाला यादी देताना ही गोळी ‘हृदयाची’ म्हणून लिहिली जाते आणि मधुमेहाच्या रकान्यातून सुटते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवतात, एर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस आधी. ऑपरेशनआधीचं उपाशी राहणं आणि शरीरावरचा ताण यांनी कीटोन वाढू शकतात, म्हणून ही खबरदारी. कोलोनोस्कोपीसाठी पोट साफ करायचं असेल तेव्हाही आधी विचारा. काढे आणि अर्काच्या कॅप्सूल चालू असतील तर त्याही यादीत लिहा, डॉक्टर रागावतील या भीतीने लपवू नका. गोळी पुन्हा सुरू होते ती पाणी आणि जेवण पूर्ववत झाल्यावर, आणि तो दिवस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.